भावोजींचा रिकामा कन्स्ट्रक्टर

आमच्या नणंदेचे यजमान जेवायला येणार असले की मी टेबलावर मोजक्याच वस्तू ठेवते. हाताला लागेल ती वस्तू उचलून भावोजी तिच्यावर व्याख्यान देतात. मीठदाणी, डाव, एकदा तर आमच्या ह्यांचा चष्मा. जेवण गार होतं, व्याख्यान होत नाही. विषयही ठरलेला. प्रोग्राम लिहिण्यातला कन्स्ट्रक्टर.

"वहिनी, हा पेला बघा," ते म्हणतात. मी तो पेला कित्येक वर्षं बघते आहे. "पेला कसा असावा याचा जो आराखडा, तो क्लास. आराखड्यात पाणी ओतता येत नाही. त्यावरून घडवलेला हा जो हातातला पेला, तो ऑब्जेक्ट. आता सांगा, कन्स्ट्रक्टर म्हणजे काय?"

"पेला घडतो त्या क्षणी आपोआप होणारं काम," मी म्हणते. "त्याला वेगळी हाक मारावी लागत नाही. पेला केवढा, कशाचा, हे तिथेच ठरतं, म्हणजे तो अर्धामुर्धा जगात येत नाही."

"बरोबर, पण अपुरं," भावोजी म्हणतात.

त्यांना कुणाचं उत्तर पुरं वाटल्याचं मला आठवत नाही. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले, तरी माझ्या वाट्याला उदाहरण येतं ते स्वयंपाकघरातलंच, आणि त्याआधी "तुमच्या भाषेत सांगतो" हे शेपूट पुढच्या बाजूने लावलेलं. कन्स्ट्रक्टरचं नाव क्लासचंच असतं. तो काही परत देत नाही. तुम्ही तो लिहिलाच नाहीत, तर ते जी भाषा वापरतात ती स्वतःहून एक रिकामा देते, आणि तुम्ही स्वतःचा लिहिलात की तो फुकटचा काढून घेते. हे मला पाठ आहे, आमच्या ह्यांना पाठ आहे, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही निम्मं पाठ असावं. शेवटी भावोजी पेला खाली ठेवतात आणि आवाज जरा खाली आणून सांगतात, "ऑब्जेक्ट जन्मतःच पूर्ण पाहिजे. जन्मल्यावर कपडे शोधत फिरायचं हे अडाण्यांचं काम."

आणि मग विचारतात, "भात आहे का अजून?"

भावोजी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. नेमके काय आहेत हे कंपनीलाही ठरवता आलेलं नसावं. घराच्या दारावर मात्र त्यांनी नावाखाली 'आर्किटेक्ट' असं कोरून घेतलं आहे. ती पाटी वाचून वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गच्ची गळते म्हणून त्यांचा सल्ला घ्यायला आले. मी त्यातला नव्हे, असं म्हणतील तर ते भावोजी कसले. त्यांनी गृहस्थांना बसवून घेतलं, कागदावर रेघोट्या मारून दाखवल्या, आणि पाणी मुळात कसा विचार करतं ते सांगितलं. गळती वाढली.

कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेणं हा त्यांचा सगळ्यांत आवडता उद्योग. आमच्याकडे जेवताना ते त्या रंगवून सांगतात. एका मुलाने म्हणे कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट परत देतो असं उत्तर दिलं. भावोजींनी त्याला तोच प्रश्न फिरवून फिरवून इतका विचारला की पोराला घाम फुटला.

"मग घेतलं का त्याला?" मी विचारलं.

"छे. पायाच कच्चा. माझ्या हाताखाली असलं चालत नाही."

तो मुलगा पुढे दुसऱ्या विभागातून त्याच कंपनीत लागला आणि आता भावोजींच्या साहेबांचा साहेब आहे, हे मला नणंदेने सांगितलं. भावोजींनी तेवढाच भाग गाळला होता.

आता नणंदेचं सांगते. आमची नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. हुशार, कामाला वाघीण, आणि नवऱ्यापुढे आपली अक्कल चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवणारी. दुकानदाराला पाणी पाजेल, पण घरात पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा यालाही तिचं उत्तर एकच, "ह्यांना विचारून सांगते." मी पूर्वी यावर तिच्याशी वाद घालायचे. मग सोडून दिलं. तिला तो माणूस मनापासून आवडतो, आणि आवडण्याला आपण काय औषध देणार.

तिचं पाळणाघर आहे. तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर खुंट्या, त्यांना लटकलेल्या पिशव्या, खिडकीखाली ओळीने घातलेल्या गाद्या, आणि सगळीकडे दूध, पावडर आणि झोपून उठलेल्या मुलांच्या मानेचा येतो तो वास. तिथे गेलं की मला परत यावंसं वाटत नाही.

मुलांच्या खाण्याचं मात्र तिथे फार जपावं लागतं. एक मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिला अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नाही. कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात आणि श्वास घरघरायला लागतो. ढोल्या नावाच्या एका गोलमटोल मुलाला दूध चालत नाही. अशी आणखी तीनचार. नणंद त्यांच्या डब्यांवर आणि पेल्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावायची. लाल म्हणजे अंडं नको, निळी म्हणजे दूध नको. मुलं वाढली तशा पट्ट्या वाढल्या, धुण्यात सुटायला लागल्या, आणि एकदा ढोल्याच्या पेल्यात दूध गेलंच. बिचाऱ्याने दुपारभर ओकाऱ्या काढल्या. म्हणजे नोंद ठेवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामची गरज खरी होती, हे मी कबूल करते.

त्याच सुमारास चौकापलीकडच्या एका मोठ्या ऑफिसने आपल्या माणसांच्या मुलांसाठी पाळणाघर शोधायला घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दोनच होती, एक नणंदेचं आणि एक पुढच्या रस्त्यावरचं, मोठं, रंगीत घसरगुंडीवालं. त्या ऑफिसातल्या पुष्कळ आया आधीपासूनच आपली मुलं नणंदेकडे ठेवत. निवड तिची झाली तर वरची खोली घेता येणार होती. घसरगुंडीवाल्यांची झाली तर असलेली मुलंही तिकडे जाणार, आणि उरलेल्या चारसहा मुलांवर पाळणाघर चालणार नव्हतं. ते बंदच करावं लागलं असतं. नणंद हे मला सांगताना उगाच गाद्यांच्या चादरी ताणत होती. ताणलेल्याच चादरी पुन्हा ताणत होती.

"ऑफिसातल्या बाई बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "हे म्हणाले, काळजी करू नकोस, मी असा प्रोग्राम लिहून देतो की त्या बघतच राहतील."

मी चादरीचं दुसरं टोक धरून ताणलं.

प्रोग्राम आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला, कारण आमच्याकडे इंटरनेट चांगलं आहे आणि चहा फुकट. रोज संध्याकाळी भावोजी लॅपटॉप घेऊन येत, कुणी वाटी आपटली तरी कपाळाला आठ्या घालत, आणि मी समोर भाजी चिरत बसले की मधूनच स्क्रीन माझ्याकडे वळवत. त्यांना प्रेक्षक लागतो.

"हा 'मूल' नावाचा क्लास," एके दिवशी ते म्हणाले.

"आणि ह्याचा कन्स्ट्रक्टर?"

त्यांनी पान वर सरकवलं. तिथे जेमतेम एक ओळ होती. मी सुरी खाली ठेवली.

"हा तर काहीच विचारत नाही. नाव नाही, वय नाही, काय चालत नाही ते नाही. जन्मतः पूर्ण पाहिजे म्हणता ना तुम्ही?"

"ते पुस्तकात, वहिनी. प्रत्यक्षात लवचीक ठेवावं लागतं. आधी मूल बनवायचं, बाकीचं सवडीने भरायचं."

"सवडीने?"

"तुमच्या भाषेत सांगतो. डबा आधी घासून ठेवता की नाही? भरता नंतर."

"ठेवते. पण सगळ्या घराला मिळून एकच नाही ठेवत. ही जी रिकामी यादी आहे, काय चालत नाही त्याची, ती तुम्ही वर एकदाच बनवलेली दिसते. आणि प्रत्येक मुलाला तीच दिलीत."

भावोजींचा चेहरा उजळला. "बघा, वहिनींनाही दिसलं. तीच तर त्यातली गंमत आहे. बहुतेक मुलांना सगळंच चालतं. मग प्रत्येकासाठी वेगळी रिकामी यादी कशाला बनवायची? रिकामी ती रिकामी. पुन्हा पुन्हा बनवून जास्त रिकामी होणार आहे का? कंपनीतल्या पोरांना हे सुचणार नाही."

"आणि एकीत काही लिहिलं तर?"

"एकीत म्हणजे कुठल्या एकीत? यादी एकच आहे."

"तेच म्हणतेय मी."

"बरोबर, पण अपुरं," भावोजी म्हणाले, आणि स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवली.

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, त्यांना करू दे ना त्यांचं काम. चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. काय करते. जो माणूस खड्ड्याचं माप स्वतः बिनचूक सांगतो आणि मग त्यातच पाय घालतो, त्याला आणखी काय दाखवायचं.

पाळणाघरात प्रोग्राम सुरू झाला. मुलांची नावं भरून झाली आणि नणंदेचा मला फोन आला.

"वहिनी, काहीतरी घोळ आहे. ढोल्याच्या पानावर मी 'दूध नको' लिहिलं, तर चिमणीच्या पानावरही आलं. चिमणीचं अंडं लिहिलं, ते ढोल्याच्या पानावर. आता प्रत्येकाच्या पानावर सगळंच दिसतंय. दूध नको, अंडं नको, तीळ नको."

"यादी एकच आहे म्हणून. सगळी मुलं त्याच एका यादीकडे बोट दाखवतायत. भावोजींना सांग, कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक मुलाला त्याची नवी यादी बनवून द्यायची. तेवढीच एक ओळ बदलायची आहे."

तिने सांगितलं. उत्तर काय आलं तेही तिने मला प्रामाणिकपणे कळवलं. "हे म्हणाले, वहिनींना म्हणावं, कुकरच्या शिट्ट्या मोजा."

ओळ बदलली नाही. प्रोग्राम सगळ्यांनाच सगळं नको म्हणत होता, म्हणून अख्खं पाळणाघर केळी आणि मऊ भातावर आलं. मुलं कुरकुरायला लागली, आयाही कुरकुरायला लागल्या. भावोजींचं यावर मत असं की अलीकडच्या मुलांना ॲलर्जी फारच झाल्या आहेत.

ऑफिसातल्या बाई यायच्या दिवशी नेमका एका मुलाचा वाढदिवस होता आणि त्याच्या आईने अंड्याचा केक आणला होता. नणंदेच्या हाताखालच्या जुन्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि नव्या मावशींना अजून मुलांची नावंही बसली नव्हती. मी कागदी माळा लावायला आणि चहा करायला म्हणून गेले होते.

आदल्या दिवशी भावोजींनी डब्यांवरच्या सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या होत्या. "पाहुण्यांना हा गबाळेपणा दिसता कामा नये." नणंद हो म्हणाली. नव्या मावशींना त्यांनी एक टॅब दिला आणि बजावलं, "मुलाचं नाव दाबायचं. लाल अक्षरांत जे दिसेल ते द्यायचं नाही, बाकीचं द्यायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ती आम्हाला नंतर कळली, पण इथेच सांगून टाकते. प्रत्येकाच्या नावापुढे लाल अक्षरांची रांग पाहुण्यांसमोर बरी दिसणार नाही, म्हणून त्यांनी पहिल्या मुलाचं पान उघडलं आणि त्यातलं सगळं पुसलं. त्या मुलाला खरोखरच काही वर्ज्य नव्हतं. मग दुसरं पान उघडलं, तर तेही कोरं. तिसरंही. चिमणीचंही. एखाद्याला घाम फुटला असता. भावोजी खूश झाले. त्यांच्या मते प्रोग्राम स्वतःहून सुधारायला लागला होता. हे नणंदेला सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

ऑफिसातून दोघी आल्या. एक पिकल्या केसांच्या, फारसं न बोलणाऱ्या. दुसरी तरुण, जिचा स्वतःचा मुलगा इथे यायचा होता. खोलीत मोठ्या माणसांची खुर्ची एकच होती, तीवर भावोजी बसले. त्या दोघी मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. नणंद उभी. मी चहाचा ट्रे धरून दारात.

भावोजींनी पेल्यापासून सुरुवात केली. आराखडा झाला, ऑब्जेक्ट झालं. पिकल्या केसांच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग भावोजी तरुण बाईकडे वळले. "आता तुमचं मूल इथल्या इथे बनवून दाखवतो."

"ते मी आधीच बनवलंय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त लिहून घ्या."

मला हसू आवरेना, ट्रेवरच्या कपबश्या वाजल्या. भावोजींच्या डोक्यावरून ते गेलं.

"काय चालत नाही त्याला?"

"शेंगदाणे."

त्यांनी लिहिलं. पानावर लाल अक्षरं उमटली. "बघा. आता दुसऱ्या एखाद्या मुलाचं पान दाखवतो, म्हणजे फरक कळेल." त्यांनी सहज म्हणून जे पान उघडलं ते नेमकं चिमणीचं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, शेंगदाणे.

"हिलाही?" तरुण बाईने विचारलं.

"असेल. हल्ली फार आढळतं."

"आणि त्याला, त्या खालच्या?"

पान उघडलं. शेंगदाणे. त्याच्या खालचं. शेंगदाणे. तरुण बाई पुढे वाकली. "इथे सगळ्यांनाच शेंगदाणे चालत नाहीत का हो? आत्ता, माझ्या मुलाचं लिहिल्यापासून?"

नणंद खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिचं लक्ष शेंगदाण्यांकडे नव्हतंच.

"चिमणीचं पान परत काढा," ती म्हणाली. "अंडं कुठे गेलं?"

"काय?"

"अंडं, अहो. तिच्या पानावर अंडं हवं."

"ते होय. सकाळी मी सगळं साफ करून—"

पुढचं ऐकायला ती तिथे नव्हती. मी ट्रे होता तसा जमिनीवर ठेवला आणि तिच्यामागे धावले.

मागच्या खोलीत मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. प्रत्येकासमोर बशी, बशीत केकचा तुकडा. नव्या मावशी टॅब हातात धरून अगदी मन लावून एकेकाचं नाव दाबत होत्या. चिमणीने तुकडा दोन्ही हातांत धरला होता आणि तो तोंडात मावेल का याचा अंदाज घेत तोंड उघडलं होतं. नणंदेने तिची दोन्ही मनगटं धरली. तुकडा जमिनीवर पडला.

"आ कर. मोठा आ. जीभ बाहेर."

जिभेवर काही नव्हतं. ओठांवर नव्हतं. नणंदेने पदराने तिचं एकेक बोट पुसलं, नखांच्या कडासुद्धा, आणि मग तिला उचलून नळाशी नेलं. चिमणीने भोकाड पसरलं. तिच्या दृष्टीने आज जगात झालेला एकच अन्याय म्हणजे हातातला केक गेला.

"बाई, मी बघून दिलं," नव्या मावशी म्हणाल्या. "अंडं असं कुठे लिहिलंच नव्हतं."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी. सगळ्या बश्या उचला आधी."

इतक्यात भावोजी लॅपटॉप छातीशी धरून दारात आले. त्यांच्यामागे त्या दोघी.

"खाल्लं नाही ना तिने?" भावोजी म्हणाले. "मग झालं तर. पाहुण्यांसमोर एवढा गोंधळ घालायची काय गरज होती? भरताना चुकलं असेल कुणाचं तरी."

नणंद नळ बंद करून वळली. चिमणी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती.

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे, यूजरचं. तेवढी एक ओळ मी बदलून—"

"अहो, यूजर मी आहे," नणंद म्हणाली. "आणि एकच ओळ होती, तर वहिनी इतके दिवस दुसरं काय सांगत होती?"

"वहिनींचं बरोबर होतं, पण—"

"पण अपुरं. हो ना?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "ते बंद करा. आणि दारातून बाजूला व्हा, मुलांना हात धुवायला जायचंय."

लग्नानंतर तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भावोजीही पहिल्यांदाच ऐकत असावेत, कारण ते खरंच बाजूला झाले.

मग ती त्या दोघींशी बोलली. "तुम्ही पाहिलंत ते पाहिलंत. पट्ट्या काढायला मी हो म्हणाले होते. पाळणाघर माझं, त्यामुळे चूकही माझी. चिमणीच्या आईला मी आत्ताच फोन करणार आहे. तुम्हाला यायचं नसेल तर मला वाईट वाटेल, राग येणार नाही."

पिकल्या केसांच्या बाईंनी मान हलवली. तिच्यातून हो निघत नव्हतं आणि नाहीही. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा तरुण बाईने हळूच विचारलं, "नेमकं झालं काय हो?"

"प्रत्येक मुलाला बनतानाच स्वतःची यादी मिळायला हवी होती. भावोजींनी सगळ्यांना एकच दिली. एकाचं लिहिलं की सगळ्यांचं लिहिलं जातं, एकाचं पुसलं की सगळ्यांचं पुसलं जातं."

"आणि हे आर्किटेक्ट आहेत?"

"दारावर तसं लिहिलंय खरं," मी म्हणाले.

चिमणीची आई संध्याकाळी आली. मुलीला उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी चिमणीची खुंटी रिकामी होती. नणंदेने झाकणांना पुन्हा पट्ट्या लावल्या आणि चिमणीच्या नसलेल्या डब्यासाठीही एक लाल पट्टी कापून ठेवली. त्याच्या पुढच्या दिवशी चिमणी आली. तिच्या आईने डबा नणंदेच्या हातात दिला आणि पट्टी लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.

ऑफिसातून मात्र काही कळत नव्हतं. पुढच्या रस्त्यावर घसरगुंडीला नवा रंग देणं चालू होतं. त्या दिवसांत भावोजी आमच्याकडे दोनदा जेवून गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं की प्रात्यक्षिकात असं होतंच, मोठमोठ्यांचं होतं. मोठमोठे म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आमचे हे पहिल्यांदाच वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले, एवढं मात्र झालं.

फोन आला तेव्हा मी नणंदेजवळच बसले होते. तिने तो मोठ्याने ऐकू येईल असा ठेवला, कारण तिचे हात पिठात होते. पिकल्या केसांच्या बाई बोलत होत्या.

"आम्ही मुलं पाठवणार आहोत. त्या दिवशी स्क्रीनवर नव्हतं ते तुमच्या लक्षात होतं, आणि आम्ही समोर असताना तुम्ही लपवलं नाहीत. पण तुम्ही आजारी पडलात तर कुणाच्या लक्षात राहणार? तेव्हा प्रोग्राम लागेलच. तो आमची माणसं लिहून देतील. तोवर तुमच्या पट्ट्या."

"चालेल," नणंद म्हणाली.

"आणखी एक. जरा अवघड आहे बोलायला. ते तुमचे यजमान. मुलं असतील त्या वेळात ते आत नसावेत, असं आमच्या सगळ्यांचं मत पडलं."

एरवी या जागी येणारं "ह्यांना विचारून सांगते" मला तोंडपाठ होतं, आणि ते आलं असतं तर वरची खोली गेली असती, खालच्या दोनही.

"चालेल," नणंद म्हणाली, आणि पीठ मळायला लागली.

ऑफिसच्या माणसांनी प्रोग्राम लिहून दिला. त्यात मुलाचं नाव आणि काय चालत नाही हे दोन्ही भरल्याशिवाय मूल तयारच होत नाही. काहीच वर्ज्य नसेल तर तेही आपल्या हाताने 'काही नाही' असं भरावं लागतं. आणि प्रत्येक मुलाची यादी त्याची स्वतःची. भावोजींनी तो माझ्या टेबलावर उघडून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग म्हणाले, "रचना माझीच आहे. ह्यांनी नुसती सजावट केली." पाळणाघरात येऊ नका, या अटीबद्दल त्यांचं असं म्हणणं पडलं की लोकांना आपल्यापेक्षा वरच्या पातळीच्या माणसाजवळ अवघडल्यासारखं होतं आणि त्याला इलाज नाही.

परवा संध्याकाळी मी नणंदेकडे होते. मुलं वाढल्यामुळे तिने दारावर एक नवी ताई ठेवली आहे, चटपटीत, कुणाची भीड न धरणारी. घरी जाताना बायकोला बरोबर न्यावं म्हणून भावोजी जरा लवकरच आले आणि सरळ आत निघाले. ताईने दारात हात आडवा धरला.

"काका, कोणाला न्यायला आलात?"

"मी बाईंचा नवरा."

"ते असू दे. मूल कोणतं?"

"मूल कुठलंच नाही. हे बघ, तुला माहीत नसेल, पण इथली ही सगळी व्यवस्था मुळात मी—"

"मूल नसेल तर आत नाही सोडता येत, काका. असं बाहेर थांबा जरा."

आम्ही दोघी आतून ऐकत होतो. मी नणंदेकडे पाहिलं. तिच्या मांडीवर चिमणी होती आणि चिमणीच्या तोंडाशी लाल पट्टीचा पेला होता.

"जाऊ का मी बाहेर?" मी विचारलं.

"कशाला? थांबू दे त्यांना," ती म्हणाली. "हिचं दूध संपायचंय अजून."